गुळाची परीक्षा डोळे झाकून करा

राधानगरी धरणाच्या पाण्यावर भोगावतीकाठी ऊस पिकतो आणि गुऱ्हाळं चालतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण सौद्यात रवा फोडला, की पहिल्यांदा बघतात तो रंग. पिवळाधमक असला तर दर चढतो, तांबूस असला तर उतरतो. मग रंगासाठी काही ठिकाणी काहिलीत हायड्रॉस पावडर पडते. त्या पावडरीनं रंग उजळतो, गोडी वाढत नाही. साठवणीत तो गूळ पुन्हा काळवंडतो आणि गंधकाचा अंश खाणाऱ्याच्या पोटात जातो.

तेव्हा रंग झाकला तर आपला गूळ कितपत उतरतो, हे एकदा बघायला हवं. नाशिककडे द्राक्षांची वाइन होते. शेनिन ब्लां या एकाच जातीच्या पांढऱ्या वाइनची तुलना करताना पारखणारे बाटल्या कापडात गुंडाळतात, वर फक्त नंबर घालतात आणि मग चव घेतात. नाव दिसलं, की जीभ फसते. गुळाच्या बाबतीत रंग दिसला, की फसते.

ही परीक्षा गावात बिनखर्चाची आहे. उसाची जात एकच धरा, समजा को ९२००५. याच हंगामातले चार-पाच गुऱ्हाळांचे नमुने आणा. ज्याला चव घ्यायची नाही, अशा एकानं सारखे खडे करून नंबर घालावेत आणि यादी आपल्या खिशात ठेवावी. एकच गूळ दोन वेगळ्या नंबरांखाली ठेवा. त्याला दोन तऱ्हेचं मत मिळालं, तर पारख कच्ची समजा. चव घेणाऱ्यांच्या डोळ्यांवर उपरणं बांधा. दर खड्यानंतर साध्या पाण्यानं चूळ भरा. कुणी मोठ्यानं बोलू नये. आपापलं मत नंबर सांगणाऱ्याच्या कानात सांगावं, त्यानं ते लिहून घ्यावं.

जात एकच असल्यानं जो फरक लागेल, तो बहुतेक जातीचा नाही, तर रानातला किंवा गुऱ्हाळातला. खारट लागला, तर जमीन किंवा पाणी खारवट आहे का बघा. आंबूस लागला, तर ऊस तोडून पडून राहिला असेल. तोडलेला ऊस त्याच दिवशी गाळावा. करपट लागला, तर पाक पुढे गेला. घट्ट गुळासाठी साधारण ११८ अंश सेल्सिअसला काहील उतरवतात. अंदाजावर न जाता तापमापी वापरा. दाताखाली कचकच आली, तर रस नीट गाळला नाही किंवा मळी पुरती काढली नाही. मळी वर आणायला रानभेंडीचा चीक चांगला. गंधकाचा उग्र वास आला, तर पावडरीचा संशय घ्या.

सगळ्यांची मतं झाली, की मगच यादी उघडा आणि रंग बघा. तांबूस गूळ वर आला, तर गुळव्याला सांगा, पुढच्या आदणाला पावडर नको. घरगुती गिऱ्हाइकाला, दुकानदाराला आणि जमलं तर व्यापाऱ्यालाही असाच डोळे झाकून खडा द्या. दर लगेच बदलणार नाही. पण बोलायला आपल्या हातात काहीतरी असेल.