पोटरी दुखते, पण रिपोर्ट नॉर्मल!

आज कोडबद्दल नाही, पायाबद्दल बोलणार आहे.

मी दहा किलोमीटरच्या शर्यतीची तयारी करत होतो. तिसऱ्या किलोमीटरला उजवी पोटरी दगडासारखी व्हायची, तळव्याला मुंग्या यायच्या, पाऊल गार पडायचं. थांबलं की पाच मिनिटांत सगळं ठीक. पळालो की पुन्हा तेच. दोन ठिकाणी सांगितलं, "स्नायू आखडलाय, स्ट्रेचिंग करा." आई म्हणाली, "तेल लावून चोळ." सगळं केलं. आठ महिने गेले. झोपवून केलेली डॉपलर तपासणीही नॉर्मल आली.

तिसऱ्या डॉक्टरांनी डॉपलर लावूनच ठेवला आणि म्हणाले, "ॲक्सिलरेटर दाबतोस तसं पाऊल खाली दाब." दाबलं, आणि नाडीचा आवाज बंद! सैल सोडलं, आवाज परत. आमच्या भाषेत सांगायचं तर हा बग फक्त लोडवर दिसणारा.

याचं नाव पॉपलिटिअल आर्टरी एन्ट्रॅपमेंट सिंड्रोम. गुडघ्यामागच्या लवणीतून पायाची मुख्य धमनी जाते. काहींच्यात पोटरीचा स्नायू किंवा ती धमनी जन्मापासूनच जागा सोडून असते. स्नायू आवळला की धमनी चेपते. 1879 मध्ये एडिंबरोतल्या अँडरसन स्टुअर्ट नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने कापून काढलेल्या एका पायात ही रचना पाहिली. म्हणजे माहिती जुनी आहे, पण आजार दुर्मिळ, म्हणून चटकन कुणाला आठवत नाही. त्यात रुग्ण बहुतेक तरुण आणि खेळाडू. रक्तवाहिनीचा आजार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर म्हातारा, सिगारेट ओढणारा माणूस येतो ना!

पण उशीर महागात पडतो. धमनी वर्षानुवर्षं चेपत राहिली तर आतून खराब होते, गुठळी होऊ शकते. मग नुसता स्नायू सोडवून भागत नाही, पायातलीच शीर काढून बायपास करावा लागतो. माझी धमनी अजून चांगली होती, त्यामुळे स्नायू सोडवण्यावर निभावलं.

घाबरू नका, बहुतेक पोटरीदुखी साधीच असते. पण ठरावीक अंतरावर दुखतं आणि थांबल्यावर मिनिटांत जातं, असं होत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "पाऊल दाबून किंवा पळवून तपासता येईल का?" आणि पाऊल अचानक पांढरं, गार पडलं आणि थांबूनही दुखत राहिलं, तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. तेल नंतर लावू.

भेटू पुढच्या भागात!