बांधावरचं गवत आणि नाकातली शिंक

आश्विनात भातसानगरच्या आसपास, इकडे शहापूर आणि तिकडे मुरबाडच्या वाटेला, भात निसवलेलं असतं आणि बांधावरचं गवत तुऱ्यावर आलेलं असतं. वाळलेल्या तुऱ्याला टिचकी मारून बघा, पिवळट धूर उडतो. हे पराग. याच दिवसांत हटकून ऐकू येतं, "जन्म गेला या गवतात, आताच कुठून आली अ‍ॅलर्जी?"

प्रश्न रास्त आहे. पण पहिल्याच भेटीत अ‍ॅलर्जी कुणालाच होत नाही.

गवताचा परागकण केसाच्या जाडीच्या साधारण निम्मा. नाकातल्या ओलाव्यात तो भिजतो आणि आतली प्रथिनं बाहेर पडतात. आपल्या पेशी ओळखतात ती ही प्रथिनं. अख्ख्या परागाशी त्यांना देणंघेणं नाही. नाकाच्या अस्तरातल्या डेंड्रायटिक पेशी हे प्रथिन गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि लसीका गाठीत नेऊन टी पेशींना दाखवतात. बहुतेकांच्या टी पेशी विषय तिथेच सोडून देतात. काहींच्या मात्र बी पेशींना आय-जी-ई नावाची प्रतिपिंडं बनवायला लावतात, नेमकी त्याच प्रथिनाच्या मापाची. ती नाकातल्या, डोळ्यांतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. इथवर शिंक एकही नाही! कधी कधी असे कितीतरी हंगाम जातात.

मग एका सकाळी तेच प्रथिन पुन्हा येतं, शेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकदम चिकटतं, आणि मास्ट पेशी हिस्टामाइन ओकते. काही मिनिटांत नाक गळू लागतं, डोळे चुरचुरतात.

हे आय-जी-ई १९६६ साली अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने दाखवून दिलं. त्यासाठी स्वतःच्याच पाठीवर सुया टोचून घेतल्या.

गाजर गवताने कातडीला सुटणारी खाज वेगळी. पुण्यात १९५६च्या सुमारास हे गवत प्रथम नजरेत भरलं. ती खाज टी पेशी थेट उठवतात, आय-जी-ईविना. आणि दसऱ्याच्या झेंडूवर बहुधा उगाच आळ येतो. त्याचे चिकट पराग माश्या-भुंग्यांच्या अंगावरून जातात, वाऱ्यावर फारसे उडत नाहीत.

तेव्हा शिंका कधी सुरू झाल्या, ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. गवत कापताना नाकातोंडाला पंचा बांधा. छातीत घरघर होत असेल, तर मात्र घरी थांबू नका.