लोक आयुक्तांना अधिकार कशासाठी?

(यवतमाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



लोक आयुक्त ही संस्था महाराष्ट्रात स्थापन झाली, त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्रिपद याच जिल्ह्यातील, पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या वसंतराव नाईकांकडे होते. केंद्रात लोकपाल आणि राज्यांत लोक आयुक्त नेमावेत, अशी शिफारस प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ साली केली. तिला अनुसरून महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा केला आणि २५ ऑक्टोबर १९७२ रोजी लोक आयुक्तांचे कार्यालय सुरू झाले. असे कार्यालय प्रत्यक्षात आणणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय. या संस्थेच्या अधिकारवृद्धीचा विचार यवतमाळात व्हावा, हे म्हणूनच उचित आहे.

१९७१च्या कायद्याने तक्रारींचे दोन प्रकार मानले. भ्रष्टाचार वा पदाचा दुरुपयोग यांविषयीचा आरोप म्हणजे अभिकथन. कुप्रशासनामुळे नागरिकास सोसावा लागणारा अन्याय वा त्रास म्हणजे गाऱ्हाणे. साक्षीदारांना बोलाविणे, कागदपत्रे मागविणे यांबाबत लोक आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार मिळाले. मात्र चौकशीअंती त्यांनी करावयाची ती शिफारस, आदेश नव्हे. कार्यवाही समाधानकारक न झाल्यास राज्यपालांना विशेष अहवाल द्यावयाचा आणि तो स्पष्टीकरणात्मक ज्ञापनासह विधिमंडळापुढे ठेवावयाचा, ही त्या कायद्यातील अखेरची पायरी होती. मुख्यमंत्री तर चौकशीच्या कक्षेबाहेरच होते.

शेजारच्या कर्नाटकाने १९८४च्या कायद्यान्वये निराळी वाट धरली. तेथील लोकायुक्तांच्या हाताशी पोलीस शाखा राहिली. बेकायदा खाणकामावरील त्यांच्या अहवालानंतर २०११ मध्ये मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. स्वतंत्र तपासयंत्रणा असली म्हणजे शिफारशीला किती वजन येते, याचे हे उदाहरण आहे.

आपल्याकडेही नवे लोकायुक्त विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये संमत केले. त्यात मुख्यमंत्र्यांनाही कक्षेत आणले आहे. मात्र त्यांच्या चौकशीस विधानसभेच्या दोन-तृतीयांश सदस्यांची मान्यता आवश्यक ठेविली आहे. हे पाऊल मोठे आहे. तथापि सारी चर्चा मुख्यमंत्र्यांपाशीच थांबते, याची मला चिंता वाटते.

प्रकल्पात जमीन गेलेला आणि मंजूर मोबदल्यासाठी हेलपाटे घालणारा शेतकरी, निवृत्तिवेतनाची वाट पाहणारा वृद्ध शिक्षक यांना बहुधा कोणी लाच मागितलेली नसते. त्यांची नस्ती केवळ पडून असते. सेवाविषयक बाबी कक्षेबाहेर ठेवतानाही १९७१च्या कायद्याने निवृत्तिवेतन, उपदान व भविष्यनिर्वाह निधी यांचे दावे आवर्जून कक्षेत ठेवले, ते याच जाणिवेने. जिल्हाधिकारी कार्यालयातील लोकशाही दिन उपयुक्त आहे. परंतु तेथे प्रशासनच प्रशासनाविरुद्धची तक्रार ऐकते. लोक आयुक्तांचे महत्त्व ते प्रशासनाबाहेरचे आहेत, यात आहे.

म्हणून अधिकारवृद्धीचा विचार करताना तीन गोष्टी व्हाव्यात, असे मला वाटते. भ्रष्टाचाराच्या चौकशीवर भर देताना गाऱ्हाण्यांची दखल घेण्याचे काम दुय्यम ठरू नये. शिफारस अमान्य करणाऱ्या विभागाने ठराविक मुदतीत लेखी कारणे द्यावीत आणि ती जनतेसमोर यावीत. तिसरे असे की, मुंबईचा प्रवास यवतमाळच्या गरीब तक्रारदारास परवडणारा नाही. लोक आयुक्तांची सुनावणी निदान अमरावतीस, विभागाच्या ठिकाणी, नियमितपणे व्हावी.

नागरिकांचेही कर्तव्य आहे. जुन्या कायद्यात गाऱ्हाण्यास १२ महिन्यांची, तर अभिकथनास ३ वर्षांची मुदत होती. मुदत टळली की खरी तक्रारही दुबळी होते. अर्जाची पोच घ्यावी, तारखा टिपून ठेवाव्यात, कागद जपावेत.

मुख्यमंत्र्यांची चौकशी करण्याचा अधिकार लोकशाहीस भूषणावह आहेच. परंतु पांढरकवड्याच्या शेतकऱ्याच्या साध्या अर्जाला वेळेत उत्तर देण्यास शासनाला भाग पाडता आले, तरच या अधिकारांचे सार्थक झाले, असे आपण म्हणू शकू.