राउटरचं कार्ड घेताना

दोस्तांनो, अभ्यासिकेसाठी जुन्या कॉम्प्युटरचा राउटर करायचं ठरवलंत, छान. मशीन फुकट मिळेल. पैसे लागतात नेटवर्क कार्डाला, आणि चूकही तिथेच होते. माझी झाली होती.

स्वस्त मिळाली म्हणून मी जुन्या पीसीआय स्लॉटची दोन गिगाबिट कार्डं उचलली. खोक्यावर गिगाबिट लिहिलेलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण साध्या पीसीआयची क्षमता सेकंदाला 133 मेगाबाइट, म्हणजे जेमतेम एक गिगाबिट, तीही सगळ्या कार्डांत मिळून. राउटरमध्ये प्रत्येक पॅकेट एका कार्डातून आत येतं, दुसऱ्यातून बाहेर जातं. त्याच अरुंद बोळातून दोनदा. वेग निम्म्याच्याही खाली आला.

पीसीआय एक्सप्रेसमध्ये प्रत्येक स्लॉटला स्वतःची वाट असते. म्हणून आधी कॅबिनेट उघडून स्लॉट बघा, मग बाजारात जा. पीएफसेन्स टाकणार असाल, तर ते फ्रीबीएसडीवर चालतं. तिथे मी इंटेलचं सेकंडहँड कार्ड घेईन. लिनक्सवर स्वस्त रिअलटेकही चालून जातं. मदरबोर्डवर एक पोर्ट बहुधा असतोच, मग दोन कार्डं कशाला? आणि कनेक्शनच 100 मेगाबिटचं असेल, तर घरात पडलेलं जुनं पीसीआय कार्डही पुरे.