कामगार कोणास म्हणावे?

(मंद्रूप, ता. दक्षिण सोलापूर, येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली, तेव्हा भोवतालच्या गावांतील माणसांना कामाची एक नवी व्यवस्था दिसली. ठराविक वेळ, रोख मजुरी आणि शेकडो माणसांना आत घेणारा एकच दरवाजा. त्या दरवाजावर कामगार एकमेकांस भेटत, म्हणून संघटना उभी राहू शकली. परंतु दरवाजा एक असला तरी आतील खाती सर्वांस खुली नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे. एवढ्या कारणावरून अस्पृश्य कामगारांस अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. तेच बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाच्या हक्कासाठी सर्व कामगारांबरोबर उभे राहिले.

आता तो दरवाजा राहिला नाही. सोलापूरच्या मोठ्या जुन्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. खेड्यातील तरुण आज मोबाइलवर हुकूम घेतो आणि मोटारसायकलवरून लोकांच्या घरी जेवण व सामान पोहोचवितो. कंपनी त्याला नोकर म्हणत नाही, भागीदार म्हणते. भागीदारी मात्र अशी की, दर ठरविण्याचा अधिकार कंपनीचा. गाडी, पेट्रोल आणि अपघात त्याचे.

कायद्याच्या अभ्यासकास ही युक्ती नवी वाटत नाही. विडी कारखानदारांनी ती फार पूर्वी योजिली होती. मजुरी नगावर आहे, येण्या-जाण्याचे बंधन नाही, तेव्हा हा आमचा कामगारच नव्हे, असा त्यांचा बचाव असे. १९६० साली नागपूरच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. मालकाने सतत डोक्यावर उभे राहावे लागत नाही. वाईट म्हणून विडी नाकारण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याचे कामावर नियंत्रण आहे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. परंतु लगेच १९६१ साली आपल्याच राज्यातील दुसऱ्या विडी खटल्यात त्याच न्यायालयाने बहुमताने विडी वळणारा कामगार ठरत नाही, असा निकाल दिला. माणूस तोच, विडी तीच, निकाल मात्र दोन!

हा गोंधळ संसदेच्या १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने मिटला. पाने-तंबाखू घरी नेऊन विड्या वळणारी स्त्रीही त्याने कर्मचारी मानली. मालक न्यायालयात गेले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनी पुढे संघटनेच्या बळावर आपल्याच तालुक्यातील कुंभारी येथे १०,००० घरांची वसाहत उभी केली. २००६ मध्ये ती घरे त्यांच्या हाती आली. घराघरांत विखुरलेल्यांची संघटना होत नाही, असे म्हणणाऱ्याने कुंभारीस जाऊन यावे.

विडी नाकारणारी नजर आज मोबाइलमध्ये बसली आहे. गिऱ्हाईकाने गुण कमी दिले की काम घटते. कधी खातेच बंद होते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशाच नियंत्रणाकडे पाहून उबरच्या चालकांना कामगारांचे हक्क दिले. आपल्याकडे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या कल्याणासाठी द्यावी, अशी तीत तरतूद आहे. तिचे स्वागत केले पाहिजे. परंतु त्याच संहितेने त्यांना मालक-नोकर या परंपरागत संबंधाबाहेरचे म्हटले आहे. उद्या कोणी किमान वेतन मागितले तर कंपनी हीच व्याख्या पुढे करील. किमान वेतनाचे विधेयक १९४६ साली मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांनी मांडले होते, ते मजुरास मदत मिळावी म्हणून नव्हे, हक्क मिळावा म्हणून.

यंत्र जात विचारीत नाही, असे सांगण्यात येते. खरे आहे, परंतु दारात आलेल्या माणसाचे नाव गिऱ्हाईक वाचतो आणि गुणही तोच देतो. गिरणीतील भेदभाव बोट दाखवून सांगता येत होता. हा भेदभाव घडला तर त्याची नोंदही उरणार नाही. म्हणून काम बंद करण्यापूर्वी लेखी कारण आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची जागा, ही मागणी आपण प्रथम केली पाहिजे. आपल्या शेजारच्या कर्नाटकाने २०२५ च्या कायद्यात लेखी कारण व पूर्वसूचना आवश्यक केली आहे. भीमेच्या पलीकडे जो न्याय शक्य आहे, तो अलीकडे अशक्य का असावा?

आपल्या घरातील तरुण असे काम करीत असेल, तर त्याच्या रोजच्या कामाचा, मिळालेल्या पैशांचा आणि कंपनीच्या प्रत्येक संदेशाचा हिशेब जपून ठेवण्यास त्याला सांगा. त्याच्यासारख्या दहांना एकत्र बसवा. न्यायालयात पुरावा बोलतो. पण तो तेथवर नेण्यास संघटना लागते.