मदत बंद केली की काम मिळते का?

(मंडळाच्या वार्षिक सभेत कार्यकारिणीच्या वतीने केलेले भाषण)



आज सभेपुढे नियमातली एक लहानशी दुरुस्ती आहे. आपल्या साहाय्य निधीतून बेकार तरुणांना दरमहा मदत दिली जाते. ती घेणारा मासिक मार्गदर्शन बैठकीला लागोपाठ दोनदा आला नाही, तर तीन महिने मदत बंद करावी, अशी सूचना आली आहे. सूचनेमागचा हेतू चांगला आहे. निधी सभासदांच्या वर्गणीचा आहे, तो फुकट जाऊ नये, हे आम्हालाही मान्य आहे. तरी मत देण्यापूर्वी, ज्या देशांनी हा उपाय मोठ्या प्रमाणावर करून पाहिला त्यांचा अनुभव ऐकून घ्यावा, एवढी विनंती.

आधी ब्रिटन. तेथे 1996 पासून बेकारांना ‘जॉबसीकर्स अलाउन्स’ मिळू लागला. काम शोधत असल्याचे दाखवायचे, ठरल्या दिवशी रोजगार कार्यालयात हजर राहायचे. चुकले तर भत्ता बंद. 2012 मध्ये हे नियम फार कडक केले गेले. साध्या चुकीला पहिल्या वेळी चार आठवडे, आणि गंभीर चूक तिसऱ्यांदा झाली तर तब्बल तीन वर्षे भत्ता बंद! पुढे काय झाले? 2016 मध्ये तेथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने हिशेब तपासला. भत्ता तुटल्यावर काही जण कामाला लागले हे खरे. पण काम न मिळताच यादीतून निघून गेलेलेही बरेच होते. आजारी व अपंगांच्या बाबतीत तर कामावर राहण्याचा काळ उलट घटल्याचे दिसले. अखेर 2019 मध्ये सरकारनेच तीन वर्षांची शिक्षा रद्द करून कमाल मर्यादा सहा महिन्यांवर आणली. 2023 मध्ये सरकारी खात्याचा स्वतःचा अभ्यास बाहेर आला. त्यात म्हटले होते, की दंड झालेले लोक पगारी कामाकडे सरासरीने उशिरा वळतात आणि वळल्यावर कमावतातही कमी.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हॉलंड आणि स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासांत दंडानंतर लोक लवकर कामाला लागल्याचे आढळले. स्वित्झर्लंडमध्ये तर नुसत्या ताकिदीनेही फरक पडला. पण त्याच देशात 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने पुढची पायरी पाहिली. दंडाच्या धाकाने पकडलेली नोकरी कमी पगाराची निघते आणि टिकतेही कमी. हे समजायला अर्थशास्त्र नको. घरात पीठ नसले की माणूस आपल्या हुन्नराचे काम शोधत बसत नाही, समोर येईल ते धरतो.

जर्मनीत 2005 पासून भत्त्यात 30 टक्के, मग 60 टक्के आणि शेवटी संपूर्ण कपात होत असे. 2019 च्या नोव्हेंबरात तेथल्या घटनापीठाने 30 टक्क्यांवरची कपात घटनाबाह्य ठरवली. माणसाने सहकार्य करावे अशी अपेक्षा सरकार ठेवू शकते, पण त्याला सन्मानाने जगण्यापुरते मिळालेच पाहिजे, आणि त्याची अडचण ऐकून घेतलीच पाहिजे, असा त्या निकालाचा आशय होता.

आपल्याकडे हा विचार दुसऱ्या टोकाकडून सुरू झाला. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव भागात ज्या रोजगार हमीचा पाया घातला, तिचा महाराष्ट्रात 1977 मध्ये कायदा झाला. 2005 च्या केंद्रीय कायद्यात तर मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न दिल्यास सरकारनेच भत्ता द्यावा, असे होते. दिलेले काम न घेणाऱ्याचा भत्त्याचा हक्क तीन महिने जाई, हेही त्यात होते. पण आधी काम देण्याची जबाबदारी, मग अट. आपल्या बैठकीत आपण काम देतो का? उपदेश देतो, चहा देतो.

आपल्या इंदूरला हे वेगळे सांगायला नको. हुकूमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांचे वाटप सुरू झाले 2023 च्या डिसेंबरात. मिल बंद पडली ती काही कामगारांच्या आळसामुळे नव्हे.

आता आमची चूकही सांगतो. गेल्या वर्षी असा नियम नसताना आम्ही एका मुलाची मदत थांबवली. दोनदा आला नाही, एवढेच पाहिले. कुणी घरी गेले नाही, फोन केला नाही. नंतर कळले, की त्याचे वडील त्या दोन्ही वेळी इस्पितळात होते. मुलगा आयटीआय झालेला फिटर. आज तो एका गोदामावर रात्रपाळीचा चौकीदार आहे. आमच्या वहीत त्याच्या नावापुढे ‘काम मिळाले’ अशी नोंद आहे. ती वाचताना आम्हाला लाज वाटते. त्याच्या आईने नंतर एवढेच म्हटले, “तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

म्हणून आमचा प्रस्ताव असा आहे. पहिली बैठक चुकली की कार्यकारिणीतील एकाने घरी जाऊन कारण विचारावे. दुसरी चुकली तर लेखी ताकीद द्यावी. त्यानंतरही कारण न सांगता गैरहजेरी राहिली तर मदत चौथ्या हिश्श्याने कमी करावी, पूर्ण बंद करू नये. आणि तो पुन्हा येऊ लागला की त्याच महिन्यापासून पूर्ववत करावी. शिवाय आपल्यापैकी ज्यांची दुकाने, कारखाने, कार्यालये आहेत त्यांनी प्रत्येक बैठकीला निदान एका रिकाम्या जागेची माहिती आणावी. मुलांवर अट घालायची तर आपल्यावरही एक असू द्या.

दोन्ही प्रस्ताव सभेपुढे आहेत. आपण विचारपूर्वक मत द्यावे.