बैलांनी ओढलेली आगगाडी



मी होमिओपॅथीचा डॉक्टर, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. पण रुग्णाचा पूर्वेतिहास विचारल्याशिवाय औषध देऊ नये, असे आम्हांला शिकवतात. गावाचेही तसेच असावे, म्हणून आज डभोईच्या छोट्या गाडीविषयी बोलण्याचे धाडस करतो.

जिथे खाणी होत्या, तिथे कोळशाने रेल्वे आणली. आपल्याकडे ती कापसाने आणली. बी.बी.सी.आय. कंपनीचे रूळ १८६१ मध्ये बडोद्याला पोचले. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इथल्या कापसाचे भाव चढले. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८६२ मध्ये, डभोई ते मियागाम हा वीस मैलांचा मार्ग सुरू झाला. मियागामला माल मोठ्या गाडीत चढवायचा, अशी सोय. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. भारतातली ही पहिली नॅरोगेज.

या गाडीला आगगाडी म्हणावे, तर तिच्यात आगच नव्हती. ती बैल ओढत असत! रूळ वारामागे फक्त तेरा पौंडांचे. १८६३ मध्ये ग्लासगोच्या नीलसन कंपनीची इंजिने आणून पाहिली, पण एवढ्या हलक्या रुळांना ती पेलवेनात. पुन्हा बैल जुंपले गेले. पुढे जड रूळ टाकून १८७३ मध्ये मार्ग नव्याने सुरू झाला, आणि इंजिनाने नियमित वाहतूक व्हायला १८८० साल उजाडले. आमच्या पद्धतीत मात्रा प्रकृतीला सोसेल अशी द्यावी म्हणतात. ते इथे रुळांनी शिकवले.

मग डभोईहून चहूकडे फाटे गेले. १८७९ मध्ये गाडी चांदोदला पोचली. त्यानंतर गोयागेटपर्यंत, म्हणजे आपल्या आजच्या प्रतापनगरपर्यंत, रूळ आले. १९४९ मध्ये गायकवाडी रेल्वे बी.बी.सी.आय.मध्ये विलीन झाली, तरी छोटी गाडी चालतच राहिली. बडोद्यातल्या मराठी घरांना चांदोदची गाडी वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. नर्मदास्नान, श्राद्ध, अस्थिविसर्जन आणि पुढे गरुडेश्वरला टेंबेस्वामींची समाधी. आम्ही जैन, आमच्याकडे अस्थिविसर्जनाची रीत नाही. पण शेजाऱ्यांना पोचवायला मी लहानपणी स्टेशनावर गेलेलो आहे.

आज यातले काय उरले? प्रतापनगरला जुनी इंजिने आणि डबे जतन करून मांडले आहेत. तिथे नातवंडांना जरूर न्या. चांदोदच्या वाटेवर आता ब्रॉडगेज आहे. ती केवडियापर्यंत वाढवून जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाली. ही प्रगती आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. लोखंड जपणारे आहेत. माझी काळजी निराळी आहे, आणि तिच्यात माझाच दोष आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी छोट्या गाडीवरचे एक निवृत्त फिटर माझ्या दवाखान्यात येत. दम्याचा जुना आजार. आम्ही रुग्णाला बोलू देतो, म्हणून ते खूप बोलत. एकदा म्हणाले, “डॉक्टरसाहेब, चांदोदच्या गाडीत मांडीवर कलश घेऊन बसलेला माणूस आमच्या गार्डला लांबूनच ओळखू यायचा. तो त्याला खिडकीजवळ जागा करून द्यायचा. तिकीटही शेवटी विचारायचा.” मी मान डोलावली आणि केसपेपरवर लिहिले : रात्री दोननंतर दम वाढतो, उठून बसल्यावर बरे वाटते. ते गेल्यावर मी तो कागद काढून पाहिला. त्यात दमा सगळा होता, गाडी कुठेच नव्हती.

रुळांचे वजन सरकारी दप्तरात सापडते. गार्डने करून दिलेली जागा दप्तरात सापडत नाही. ती ज्यांनी पाहिली, ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. प्रतापनगरच्या आणि डभोईच्या चाळींतून त्यांतले काही अजून असतील. त्यांची भाषा गुजराती असेल, मराठी असेल, दोन्हींची सरमिसळ असेल. जशी असेल तशी उतरवून घ्यावी.

कथा-कवितांवर आपण इथे पुष्कळ बोलतो, बोलावेच. पण या वर्षी आपल्यापैकी दहा जणांनी दहा म्हाताऱ्यांकडे जाऊन तासभर बसावे, एवढी विनंती करतो. अकरावा मी आहे. माझ्याकडे जुन्या केसपेपरांचे एक कपाट आहे. त्यातल्या रेल्वेवाल्यांच्या घरी जाऊन, त्यांची संमती घेऊन, पुन्हा विचारायला मी सुरुवात केली आहे. या वेळी खोकल्याविषयी नाही.